सुकाळनगरीची कोठी आणि नागम्माचा माग

पाचशे वर्षांनंतरचे जग पाहायला मी गेल्या वैशाखात सोलापूरला जाऊन आलो. जग काही दिसले नाही, सोलापूर दिसले. ज्यांना तेवढाही योग आला नसेल, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

निमित्त एका कादंबरीचे. आमच्या मासिकात वर्षभर 'सुकाळनगरी' नावाची भविष्यकाळाची शास्त्रीय कादंबरी क्रमाने छापली जात होती. मी वाईच्या एका छापखान्यात मुद्रिते तपासतो, त्यामुळे ती शब्दन् शब्द वाचण्याची शिक्षा मला होती. पाचशे वर्षांनी उन्हापासून वीज काढतील, विजेवर यंत्रे चालतील. यंत्रे धान्य पिकवतील, कापड विणतील, घरे बांधतील आणि बिघडलीच तर एकमेकांना दुरुस्त करतील. पैसा नाही म्हणून चोर नाही, चोर नाही म्हणून पोलीस नाही. चौकाचौकात एक कोठी, आणि तिला दार नाही. ज्याला जे लागेल ते त्याने न्यावे, कोणी विचारू नये. माणसे दिवसभर वीणा वाजवतात आणि संध्याकाळी चंद्रावर फिरायला जातात.

आमच्या घरी देवांच्या फळीपेक्षा पत्रकांची फळी मोठी होती. दारूबंदीची, स्वदेशीची, सहकाराची, संपाची अशी सगळी पत्रके मी पाटीपेन्सिलीच्या वयात वाचली. त्या वाचनाने माणसाला एक खोड लागते: कोणी सुखाचे चित्र काढून दाखवले की तो आधी चित्राच्या कोपऱ्यात राबणारा माणूस शोधतो. सुकाळनगरीत मला तो कुठेच सापडेना. म्हणून मी त्याच मासिकात खरमरीत लिहिले की हे अर्थशास्त्र नव्हे, हे पोटभर जेवून लवंडलेल्या माणसाचे स्वप्न आहे. आणि उद्या खरोखर अशी कोठी कोणी उघडली, तर पहिल्या तासात लोक ती लुटून नेतील.

आठ दिवसांत सोलापूरहून लेखकाचे पत्र आले. त्र्यंबकराव त्यांचे नाव. एका कापडगिरणीत विणाई खात्याचे मास्तर म्हणून ते बरीच वर्षे होते. वीसेक वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून त्यांनी साखर पेठेत स्वतःचा हातमागांचा कारखाना घातला होता. पत्रात लिहिले होते, "आपण कागदावर हसता. येत्या सोमवारी मी माझ्या कारखान्यात सुकाळनगरीची कोठी उघडणार आहे, तीन दिवस. मागावरची सगळी लुगडी मोफत. लोक लुटतात की गरजेपुरते नेतात, ते समक्ष येऊन पाहावे. उतरण्याची सोय माझ्या घरी."

असे आव्हान आल्यावर घरी बसतो तो कसला लेखक? मी निघालो.

रविवार: स्टेशन ते साखर पेठ

आगगाडीचे वर्णन करत नाही. आगगाडीत जे होते ते सगळ्यांचेच होते.

सकाळी सोलापूरला उतरलो तेव्हा दिवस नुकता वर आला होता आणि तरी ऊन पाठीवर हात ठेवून ढकलत होते. आमच्या वाईला सकाळ म्हणजे कृष्णेचा घाट, ओली पायरी, अंगावरून निथळणारे पाणी. इथे सकाळ म्हणजे गिरण्यांची धुराडी आणि त्यांच्या पायाशी पसरलेले कोरडे, काळे, सपाट रान. झाडे आहेत, पण एकमेकांशी भांडण झाल्यासारखी लांब लांब उभी.

स्टेशनाबाहेर रसूलभाई नावाच्या टांगेवाल्याने माझी वळकटी आपणच उचलली.

"कुटं जायचं, साहेब?"

"साखर पेठ. त्र्यंबकरावांचा कारखाना."

"मास्तरकाकांकडं?" त्याने लगाम तसाच धरून मागे वळून पाहिले. "ते उद्या फुकट लुगडी वाटनार म्हने. कौन मर गया उनके घर में?"

"कोणी नाही. का?"

"मग फुकट कायको वाटतात?" घोड्याला टिचकी मारत तो म्हणाला. "आमच्या पेठेत दोनच टायमाला कापड फुकट मिळतं. मेल्यावर आंगावर, नाही तर मेल्याच्या नावानं दुसऱ्याच्या आंगावर."

मी मनात हसलो. अडाणी समजूत म्हणून ती टिपूनही घेतली. त्या दिवशी सोलापुरात अडाणी कोण होता, ते मला दोन दिवसांनी कळले.

साखर पेठेच्या तोंडाशी टांगा थांबला. पुढे रस्ताच नव्हता. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंच्या कैच्यांवर उभ्या सुताचे लांबच लांब ताणे ताणले होते, आणि बाया-पुरुष दोन्ही बाजूंनी चालत त्यांना खळ लावून कुंच्याने झाडत होते. ऊन चढायच्या आत हे उरकावे लागते, नाही तर खळ सुताला धरण्याआधीच वाळते. रसूलभाई म्हणाला, "आता पायी जावा. ताण्यावरनं घोडा नेला तर मला हितंच पुरतील."

मी वळकटी खांद्यावर टाकून निघालो, आणि धुराड्याकडे बघता बघता खळीच्या घमेल्यात पाय घातला. धोतर गुडघ्यापर्यंत लडबडले.

"अय्यो! डोळं कुटं ठिवून आलास रं बाबा?" कुंचा हातात घेतलेली एक चाळिशीतली बाई ओरडली. मग माझ्या धोतराकडे पाहून तिला हसू आले. "ऱ्हाऊ दे. वाळलं की असं ताठ हुईल, धोतर एकलंच गावाला जाईल."

ही नागम्मा. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. तिचा नवरा मल्लय्या त्र्यंबकरावांच्या कारखान्यात मागावर बसायचा आणि ही आडव्या सुताच्या कांड्या भरून द्यायची, ताण्याला खळ लावायची. मी मालकांचा पाहुणा हे कळताच तिचे हसू मावळले. कुंचा थांबला नाही, पण आवाज खाली आला.

"मालकाला एक इचारशील का? आमचा माग ऱ्हातो का जातो, तेवढं."

"जाईल कशाला?"

तिने माझ्याकडे, शाळेत नापास झालेल्याकडे बघावे तसे बघितले आणि समजावून सांगितले. मागावरचे कापड संपत आले की ताणा कधी मुळापासून कापायचा नसतो. जुन्या ताण्याची हातभर शेपटी मागाच्या फणीत ओवलेली तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक दोर जुन्याच्या एकेक दोराला पिळून जोडतात. त्यामुळे माग कधी रिकामा होत नाही. तिच्या सासऱ्याने ठेवलेल्या शेपटीला मल्लय्याने दोर जोडले होते, तेव्हापासून ते तसेच चालत आले होते.

"मागाला नागडा ठेवत न्हाईत," ती म्हणाली. "मानूस गाव सोडून निघाला, तर मगच दोर मुळातनं कापतात. आन काल मालक म्हनला, सगळा माल उतरवा, मागावर दोरासुदिक ठिवू नका. कापड फुकट वाटायचं आन माग नागडं करायचं. मग आमी काय समजायचं?"

"आणि हा ताणा?" मी समोरच्या ताण्याकडे बोट दाखवले.

"ह्यो शेवटचा दिलाय. चढवायचा कुटं ते सांगितलं न्हाय."

मी तिला विचारायचे कबूल केले. पत्रकांवर वाढलेल्या माणसाला असा प्रश्न मिळाला म्हणजे भुकेल्याला भाकरी मिळाल्यासारखे होते. माझ्या अंगात तेवढा दुष्टपणा होता, हे लपवत नाही.

त्याच दिवशी, त्र्यंबकरावांच्या ताटावर

मला वाटले होते, कोणी आढ्यताखोर गृहस्थ असेल. त्र्यंबकराव तसे नव्हते, आणि हीच अडचण होती. उंच, वाकलेले, डोळ्यांत लहान मुलाचा आनंद. मुंबईहून मागवलेल्या इंग्रजी मासिकांची चळत उशाशी. त्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर उडती शहरे होती आणि एकाही शहरात रस्ता झाडणारा माणूस नव्हता.

त्यांच्या पत्नी राधाकाकूंनी वाढले. ज्वारीची भाकरी, उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगांची चटणी, कांदा, ताक. या चटणीसाठी माणसाने सोलापूरला जावे. कादंबरीसाठी जाऊ नये. हात धुवायला काकूंनी अर्धा तांब्या पाणी दिले आणि ते तुळशीच्या कुंडीत पडेल असे धुवायला सांगितले. आमच्याकडे त्याला हात धुणे म्हणत नाहीत.

"तर मग," त्र्यंबकराव म्हणाले, "तुमचा आक्षेप काय?"

"एक असेल तर सांगू. तुमच्या नगरीत गावाच्या वाऱ्याच्या बाजूचे घर कोणाला मिळते?"

"घरे सगळ्यांना आहेत."

"घरे आहेत, पण धुराड्याचा धूर ज्या बाजूला जात नाही ती बाजू एकच असते. तिकडे कोण राहतो?"

"पाचशे वर्षांनी धूर नसेल."

"नाटकात पुढची खुर्ची?"

"सगळ्या खुर्च्या पुढच्याच असतील," ते आनंदाने म्हणाले. "रंगभूमी फिरती."

"तुमच्या कादंबरीत सतरा प्रकारची यंत्रे आहेत," मी म्हणालो. "मुद्रिते मीच तपासली. त्यांत संडास झाडणारे यंत्र एकही नाही. आज सकाळी तुमच्या मागच्या दाराने एक बाई टोपले घेऊन आली होती. ती पाचशे वर्षांनी काय करते?"

"वीणा वाजवते."

काकू भाकरी थापता थापता थांबल्या. "सगळ्याच बायका वीणा वाजवतात का हो तुमच्या गावात?"

"सगळ्याच. कोणाला काम नाही."

"मग ऐकायचं कोणी?" काकू म्हणाल्या. "आणि जेवण?"

"नळाने येते. आमटीचा वेगळा नळ, दुधाचा वेगळा."

"नळाने आमटी!" काकूंनी भाकरी तव्यावर टाकली. "इथे नळाला पाणी येत नाही ते बघा आधी. यांच्या नगरीत मला नेऊ नका बाई. आमटी खारट झाली तर भांडायचं कोणाशी?"

त्र्यंबकराव हसले. बायकोच्या हातचे जेवून तिच्या स्वयंपाकाला निकालात काढणारे हसू होते ते. मी मात्र हसलो नाही. या सगळ्या सुकाळाच्या कादंबऱ्यांचा हाच प्रकार आहे. त्या माणसाच्या माथ्यावरचे ओझे उतरवतात असे म्हणतात. खरे तर ओझे वाहणाऱ्या माणसालाच पानावरून उतरवतात. लेखकाच्या घरात भांडी आपोआप घासली जातात, म्हणून त्याला वाटते जगातही तशीच घासली जातील.

मग मी नागम्माचा प्रश्न विचारला. "सगळे माग रिकामे करायला सांगितलेत. ते पुन्हा चालू होणार का?"

त्र्यंबकरावांनी ताकाचा पेला उचलला. "हे पाहा," ते म्हणाले, "मोठा बदल एकदम होत नसतो. पण पहिली पायरी कोणी तरी..." आणि ते सूर्यशक्तीवर घसरले. मी पुन्हा विचारले. ते चंद्रावर गेले. तिथून त्यांना खाली आणणे मला जमले नाही, आणि काकू ताटांकडे पाहत राहिल्या.

सोमवार: कोठी उघडली

कारखान्याच्या ओसरीवर लुगड्यांच्या थप्प्या रचल्या होत्या. हिरवी, कुसुंबी, काळी चंद्रकळा. काठांवर मल्लय्यासारख्यांचे महिनेच्या महिने विणलेले. ओसरीच्या दाराची दोन्ही पाखे बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवली होती, कारण कादंबरीतल्या कोठीला दार नाही. वर भली मोठी पाटी होती: 'ज्याला जे लागेल ते त्याने न्यावे. कोणी विचारू नये.' त्र्यंबकराव लांब कोट आणि पागोटे घालून शेजारी उभे होते, जणू व्याही यायचे होते.

मी लूट पाहायला वही-पेन्सिल घेऊन बसलो.

कोणी आले नाही.

लोक नव्हते असे नाही. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला सगळी पेठ उभी होती. कडेवरची पोरे, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, कामावर न बसलेले विणकर. कोणी बोलत नव्हते. लग्नात अशी गर्दी बोलते. न बोलणारी गर्दी वेगळ्या प्रसंगी जमते.

"बुजतात," त्र्यंबकराव माझ्या कानाशी म्हणाले. "तिसऱ्या प्रकरणात मी हेच दाखवले आहे."

ऊन माथ्यावर आले तेव्हा एक म्हातारा रस्ता ओलांडून आला. पायताण बाहेर काढले, हात जोडले आणि विचारले, "कुनाच्या नावानं वाटताय, मालक?"

"कोणाच्या नावाने नाही. माणुसकीच्या नावाने."

म्हाताऱ्याने मान हलवली. "बरी व्हती का वो बाई?"

पलीकडे कोणी तरी फिस्सकन हसले आणि लगेच गप्प झाले. म्हातारा थप्पीला हात न लावता परत गेला. त्या दिवशी कोठीत एकच जीव शिरला, तो म्हणजे रसूलभाईचा घोडा. त्याला रसूलभाईने शिव्या देत बाहेर ओढला. "चल बे! ते मय्यतीचं हाय."

इथे एक कबूल केले पाहिजे. लोक कोठी लुटतील, असे मी छापून लिहिले होते. त्या एका वाक्याबद्दल मी साखर पेठेची क्षमा मागतो. ज्यांना मी लुटारू ठरवले त्यांनी फुकटच्या ढिगाला दिवसभरात शिवून पाहिले नाही. कारण ढीग कुठून आला आणि कशाच्या मोबदल्यात आला, हे त्यांनी माझ्याआधी वाचले होते. बाकी टीकेबद्दल क्षमा मागणार नाही.

मंगळवार: पाटी वाचून दाखवली

दुसऱ्या दिवशी सकाळी नागम्मा रस्ता ओलांडून सरळ ओसरीकडे आली. मल्लय्या तिच्या मागे चार पावलांवर होता. काटकुळा, कमी बोलणारा, बोटे सुताच्या निळीने कायमची निळी झालेली.

ती माझ्यापुढे उभी राहिली. "इचारलंस का?"

"विचारले. उत्तर मिळाले नाही."

"बरं. मग ती पाटी वाच. मला वाचाया येत न्हाय."

मी मोठ्याने वाचली. ज्याला जे लागेल ते त्याने न्यावे. कोणी विचारू नये.

"जे लागंल ते?"

"जे लागेल ते."

त्र्यंबकरावांचा चेहरा फुलला. दोन दिवसांत कोठीचे हे पहिले गिऱ्हाईक. त्यांनी स्वतः वरचे कुसुंबी लुगडे उचलून पुढे केले. "घे नागम्मा. हे घे, आणखी घे."

तिने लुगड्याच्या काठावरून अंगठा फिरवला. "ह्यो काठ ह्यांच्या हातचा हाय. कांड्या मी भरल्याव. आमच्याच हातचं आमालाच फुकट देता व्हय, मालक?"

त्र्यंबकरावांचा हात तसाच पुढे राहिला.

"लुगडं नगं," नागम्मा म्हणाली. "मला माग लागतो."

पलीकडची गर्दी हलली. थोडे थोडे करून लोक रस्ता ओलांडून अलीकडे येऊ लागले.

"माग कोठीत नाही," त्र्यंबकराव म्हणाले.

"ह्या भिंतीच्या पल्याड हाय की. दार तर तुमीच काढून ठिवलंय."

"अगं, कोठी वस्तूंची असते. कापड, धान्य... माग म्हणजे वस्तू नव्हे. माग म्हणजे..." वर्षभर ज्यांना शब्द कधी कमी पडले नाहीत, त्यांना इथे पडला.

मला तो ठाऊक होता: उत्पादनाचे साधन. माझ्या पत्रकांत तो ठळक अक्षरांत छापलेला असतो. पण मी वर्षभर मुद्रिते तपासूनही सुकाळनगरीला त्याबद्दल विचारले नव्हते. कोण किती नेईल, याची मी चिंता केली. कोठीत काय ठेवलेच नाही, हे पाहिले नाही. दार नसलेल्या त्या कोठीत सगळे होते. ज्याने ते सगळे बनते, तेवढे मात्र कोणा तरी एकाच्या शेडमध्ये होते. विणलेले सगळ्यांचे, विणायचे कशावर, ते मालकाचे. असला सुकाळ आणायला पाचशे वर्षे कशाला हवीत? आश्रितांना जेवू घालणाऱ्या कोणत्याही श्रीमंताच्या दारी तो आज आहे.

"माग मोडीत निघणार आहेत," त्र्यंबकराव शेवटी म्हणाले. आवाज खाली गेला होता. "विजेचे माग येताहेत. सहा. सगळ्या हातमागांचे काम ते सहा करतील. मी हे तुमच्यासाठीच... सहा माणसे यंत्रांवर लागतील. बाकीचे मोकळे होतील. जन्मभर मागाच्या खड्ड्यात पाय घालून बसलात, आता मोकळे व्हाल!"

ते हे खोटे बोलत नव्हते. त्यांना खरेच तसे वाटत होते. आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला. लबाड मालक परवडला. त्याला निदान ठाऊक असते की आपण कोणाच्या तोंडचे काढतो. हा भला माणूस तोंडचे काढून वर वीणा हातात देत होता.

"मोकळं," मल्लय्या म्हणाला. मी त्याचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "कवा?"

"पंधरा दिवसांत."

मग ओसरीच्या आतल्या बाजूने, चौकटीआडून राधाकाकूंचा आवाज आला.

"कोणी विचारू नये, असं तुम्हीच लिहिलंय ना? मग विचारताय कशाला? द्या की तिला."

त्र्यंबकरावांनी चौकटीकडे पाहिले, पाटीकडे पाहिले. पागोटे काढून हातात घेतले. घामाने त्यांचे पांढरे केस कपाळाला चिकटले होते.

"ने," ते म्हणाले. मग जमलेल्यांकडे पाहून, जरा मोठ्याने, "ज्याला लागेल त्याने आपला माग न्यावा."

"आन परवाचा ताणा," नागम्मा म्हणाली.

"ताणाही ने."

आपल्या पाटीला ते जागले, एवढे मी त्यांच्या बाजूने लिहितो. छापलेल्या शब्दाला जागणारे लेखक मी फार पाहिले नाहीत.

पण हे संपूर्ण सांगायचे तर पुढचेही सांगितले पाहिजे. माग म्हणजे चार लाकडे नव्हेत. त्याला छप्पर लागते, पाय सोडायला खड्डा लागतो, ताणा पसरायला लांबी लागते. दुपारभर लोक आपापले माग उकलत होते आणि आपापल्या खोल्या पावलांनी मोजून येत होते. कित्येकांच्या खोलीत माग बसला तर माणसे बसत नव्हती. काहींनी लाकडे दाराबाहेर उभी करून ठेवली आणि त्यांच्याकडे पाहत बसले. काही आलेच नाहीत. ते सरळ गिरणीच्या फाटकाकडे गेले. फुकट मिळालेल्या मागाचे काय करावे, हे सुकाळनगरीच्या एकाही प्रकरणात नाही.

बुधवार: निघताना

सकाळी रसूलभाई टांगा घेऊन आला. कोठीचा तिसरा दिवस होता. दाराची पाखे पुन्हा बिजागऱ्यांवर चढली होती आणि पाटी दिसत नव्हती. त्र्यंबकरावांनी दारापर्यंत पोहोचवले. "शेवटचे प्रकरण अजून पाठवायचे आहे," ते म्हणाले, "त्यात थोडा बदल करावा लागेल." मी म्हणालो, "थोडा?" काकूंनी शेंगांच्या चटणीची पुडी माझ्या हातात दिली आणि पाण्याचा पूर्ण भरलेला तांब्या पुढे केला. त्या घरात तो तांब्या म्हणजे काय होते, ते आता मला कळत होते.

नागम्माची खोली गल्लीच्या टोकाला. मी निरोप घ्यायला गेलो तर दारातच थबकलो. एका खोलीचे घर. त्याच्या मधोमध जमीन खणून खड्डा केला होता, उकरलेली माती दारापाशी पडली होती, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत माग उभा होता. अंथरुणे, भांडी, देवाचा पाट, सगळे बाहेरच्या कट्ट्यावर आले होते. चूल मागाच्या एका खांबाला लागून.

मल्लय्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता आणि रविवारी खळ लावलेल्या त्या ताण्याचे दोर एकेक करून जोडत होता. जुन्या शेपटीला.

"शेपटी?" मी म्हणालो. "मालकांनी तर दोरासुद्धा ठेवू नका म्हटले होते."

"म्हनला व्हता," मल्लय्या म्हणाला आणि पुढचा दोर पिळला.

"बाकीच्यांनी कापली," नागम्मा कांडी भरता भरता म्हणाली. "आता एकेक दोर फनीतनं नव्यानं ओवत बसल्याती. ह्यांनी न्हाई कापली. मी लई भांडले, मालक बघंल म्हनून. ह्येनी ऐकलं न्हाय."

"हा ताणा संपला की पुढचे सूत कुठून आणणार?"

"बघू."

"आणि विजेच्या मागाचे कापड स्वस्त निघेल. तुमचे कोण घेईल?"

"तू आमच्या बाजूचा का मालकाच्या?" तिने विचारले. मल्लय्या दोरांवरून मान न उचलता हसला. माझ्या पत्रकांत प्रश्न पुष्कळ होते, आणि ते सगळे खरे होते; पण त्या खोलीत ते ठेवायला जागा नव्हती.

तिने कांडी भरायचा रहाट थांबवला. "त्या मालकाच्या गावात... पाचशे वर्सांनी. कापड फुकट असंल?"

"असे ते म्हणतात."

"जेवान?"

"तेही. नळाने."

"आन माग कुनाच्या घरात असंल?"

"कोणाच्याच नाही. यंत्रे विणतात. ती कुठे असतात आणि कोणाची असतात, ते पुस्तकात दिलेले नाही."

नागम्माने रिकामी कांडी उचलली. "मग तितं जाऊन आमी इचारायचं कुनाला?" असे म्हणून तिने रहाटाला पुन्हा हात घातला.

बाहेर रसूलभाईने हाक मारली. "साहेब, गाडी निघून जाईल की!" मी उठलो. आत येताना मागाच्या कडेने कसा तरी घुसलो होतो. आता ताण्याचे टोक दाराच्या चौकटीपर्यंत आले होते आणि बाहेर जायची वाट त्याच्या खालून होती. धोतराचे खळीने ताठ झालेले टोक मी हाताने आवरले.

नागम्माने दोन्ही हातांनी ताणा जरासा वर उचलून धरला.

"खाली वाक," ती म्हणाली. "आनखी. दोर तुटंल."

मी आणखी वाकलो आणि बाहेर पडलो.